गिधाड म्हणा की रणहद्दू

आमच्या घरात एकाच पक्ष्याला दोन नावे आहेत. माझ्या माहेरी बेळगावात ते गिधाड, आणि सासरी अथणीकडच्या खेड्यात रणहद्दू. मराठी नाव उच्चारले की तोंड आपोआप वाकडे होते. वाटणीच्या वेळी भाऊबंद जमले की 'गिधाडासारखे टपून बसलेत' असे म्हणायचे, लग्नाच्या पंगतीत कुणी जास्त जेवला की 'गिधाडासारखा तुटून पडला' म्हणायचे. ज्याच्या नावाने आपण आयुष्यभर शिव्याच दिल्या, तो पक्षी कधी दिसेनासा झाला याचे कुणाला काय वाटणार? कानडी नावाला मात्र जरा रुबाब आहे. हद्दू म्हणजे घार. रणावर उतरणारी घार ती रणहद्दू. लढाई संपली, दोन्ही बाजूंचे लोक घरी गेले किंवा जायचे राहिले, की मागची आवराआवर करायला येणारा हा पक्षी.

तसे पाहिले तर हा गरुड-घारींच्याच कुळातला, शिकारी पक्ष्यांतला. पण शिकार करीत नाही. पायात तेवढी पकडच नाही. जिवंत कोंबडीचे पिल्लूही तो उचलून नेत नाही, ते काम घारीचे. जे मेले तेवढेच त्याचे. आपल्या म्हणींनी त्याला लोभी ठरवला, पण भुकेला असूनही जिवंत जनावराला हात न लावणारा दुसरा कोण आहे, सांगा बघू.

१९८४ साली लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा गावाच्या पश्चिमेला मोठा माळ होता. गावातले बैल, गाय, म्हैस मेली की बैलगाडीला बांधून त्या माळावर ओढून नेत. कातडी सोलणारे येऊन कातडे घेऊन जात, आणि मग वर आभाळात एक ठिपका दिसे. थोड्या वेळाने दोन, मग दहा. गिधाडाला वास येऊन ते येते असे आम्हाला वाटे. पण आपल्याकडची गिधाडे नजरेवर चालतात. एक उतरू लागले की चार कोसांवरचे दुसरे ते पाहते, त्याला पाहून तिसरे. आभाळात अशी तार पोचते. उतरताना पंखांचा जो घोंगावता आवाज होई तो घराच्या अंगणात ऐकू यायचा. मग भांडण, फिस्कारणे, एकमेकांच्या पाठीवर चढणे. मान उघडी, पिसे नसलेली. देवाने ती तशी का केली ते त्यांना जेवताना पाहिले की कळे. खाऊन इतकी जड व्हायची की उडायला धावपट्टी लागायची. विमानासारखी धावत, उड्या मारीत जायची, आणि तरी उडता आले नाही की तिथेच बांधावर पंख पसरून उन्हात बसून राहायची.

तासा-दोन तासांत बैलाचा सांगाडा उरे. दुसऱ्या दिवशी हाडे पांढरी. आठवड्याने हाडे गोळा करणारी माणसे पोती घेऊन येत. माळाला घाण वास येतो असे त्या काळी कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

आमच्या अत्तींना म्हणजे सासूबाईंना मात्र रणहद्दू घराजवळ आलेला खपत नसे. 'मनी म्याल कूतर चलो अल्ल' म्हणत त्या काठी आपटायच्या. घरावर बसला तर शांत करावी लागते, असा त्यांचा समज. त्याच अत्ती संध्याकाळी रामायणातला जटायू सांगताना डोळ्यांना पदर लावायच्या. सीतेसाठी रावणाशी झुंजलेला, रामाने ज्याला बापाच्या मायेने अग्नी दिला तो जटायू आणि माळावरचा रणहद्दू एकच, हे त्यांना मान्य नव्हते. 'तो वेगळा,' एवढेच म्हणायच्या.

माझा थोरला मुलगा १९८६ चा, धाकटी मुलगी १९९१ ची. थोरल्याने माळावरची गिधाडे पाहिली आहेत. आजोबांच्या खांद्यावर बसून मोजलीही आहेत, तीसच्या पुढे आकडे येत नव्हते म्हणून तिथेच थांबला. धाकटीला एकही आठवत नाही. दोघांत पाचच वर्षांचे अंतर. एवढ्या पाच वर्षांच्या फटीत एक पक्षी गावातून गेला, आणि नेमका कुठल्या वर्षी ते घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. बैल मेला ते साल आठवते, विहीर खोदली ते साल आठवते, गिधाड शेवटचे कधी आले ते नाही.

हे आमच्याच गावात झाले असते तर गोष्ट लहान होती. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा मोठ्या शिकारी पक्ष्यांत जगात बहुधा सर्वात जास्त संख्येने असलेला पक्षी असावा, असे जाणकार लिहीत होते. १९९२ साली आपल्या देशात त्यांची संख्या हजार होती असे धरले, तर २००७ साली त्यातले एक उरले. हा माझा अलंकार नव्हे. पक्षी मोजणाऱ्यांनी गाड्यांतून हजारो किलोमीटर फिरून काढलेला हिशेब आहे, ९९.९ टक्के घट. लांब चोचीची गिधाडे शंभरातली तीन उरली. इतक्या वेगाने इतका मोठा पक्षी संपल्याचे उदाहरण शोधून सापडत नाही.

राजस्थानातल्या भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना ही घट आधी जाणवली. १९८० च्या दशकात त्यांनी तिथली घरटी मोजली होती, दहा वर्षांनी पुन्हा मोजायला गेले तर झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडे आणि खाली मेलेली. प्रथम सगळ्यांना वाटले, काही साथीचा रोग असावा. विषाणू शोधण्यात वर्षे गेली. शेवटी उत्तर मिळाले पाकिस्तानातून. डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मेलेल्या गिधाडांची तपासणी केली आणि २००४ च्या जानेवारीत निष्कर्ष जाहीर केला : डायक्लोफेनॅक.

हे नाव आपल्यापैकी कुणाला नवे आहे? गुडघा दुखला, कंबर धरली, दात काढला, की हीच गोळी. तेच औषध १९९० च्या दशकात स्वस्त होऊन गोठ्यात पोचले. बैल लंगडला, गाईची कास सुजली, ताप आला, की डॉक्टर नाहीतर कंपाउंडर सुई टोचून जाई आणि संध्याकाळपर्यंत जनावर उठून वैरण खाऊ लागे. शेतकऱ्याला दुसरे काय हवे? पण सुई टोचल्यावर एक-दोन दिवसांत ते जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडाने खाल्ले, तर गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते. माणसाला ज्याच्यामुळे सांधे धरण्याचा गाऊट होतो ते युरिक ॲसिड पक्ष्याच्या काळजावर, यकृतावर चुन्याच्या पुटासारखे साचते. दोन-तीन दिवसांत खेळ संपतो.

इथे एक गोष्ट समजायला मला फार वेळ लागला. प्रत्येक मेलेल्या बैलाला काही सुई दिलेली नसते. मग सगळी गिधाडे कशी मेली? शास्त्रज्ञांनी याचेही गणित मांडले आहे. शंभर मेलेल्या जनावरांत एकात, किंबहुना त्याहूनही कमी जनावरांत हे औषध घातक प्रमाणात असले तरी एवढी घट व्हायला पुरते. कारण गिधाड एकटे जेवत नाही. आभाळातली ती तार आठवा. एकाला दिसले की सगळे येतात. एका बैलाभोवती साठ-सत्तर जमली, आणि तो बैल सुईचा निघाला, की सारी पंगत गेली. आणि पुढची पिढी? गिधाड पाच वर्षांचे होईपर्यंत अंडे घालत नाही, आणि घालते ते वर्षाला एक. एका दुपारी गेलेली पंगत भरून यायला किती वर्षे लागतील, तुम्हीच मांडा.

मला यातले एक फार बोचते. ती सुई कुणी दुष्टाव्याने दिली नव्हती. आपल्याकडे म्हातारा बैल दाव्याला बांधूनच मरतो. चाकरी केलेल्या जनावराला शेवटी वेदना नकोत म्हणून माझ्या सासऱ्यांसारख्या माणसांनी उसने पैसे घेऊन सुया दिल्या असतील. जिथे म्हातारे जनावर खाटकाकडे जाते तिथे ते गिधाडाच्या वाट्याला येतच नाही. आपल्याकडे ते माळावर आले.

गिधाडे गेली आणि माळ कुत्र्यांना मिळाला. आमच्या गावचा माळ आता निम्मा बिनशेती होऊन प्लॉट पडलेत. पण मधली दहा-बारा वर्षे त्या बाजूने शाळेला जाणाऱ्या पोरांबरोबर मोठे माणूस द्यावे लागे. कुत्रे एकट्या मुलाच्या अंगावर येत. कुत्री सगळे मांस संपवत नाहीत, ओढून गावात आणतात. राहिलेले सडते, ओढ्याला लागते. अर्थशास्त्रज्ञ इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जिथे पूर्वी गिधाडे भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे नव्हती ते जिल्हे यांची तुलना केली आहे. त्यांच्या हिशेबाने २००० ते २००५ या काळात गिधाडे नसल्यामुळे देशात सुमारे ५ लाख माणसे जास्तीची मेली. पिसाळलेली कुत्री, घाण पाणी, रोगराई. मुंबईच्या पारशी समाजाची अडचण तर सर्वांना माहीत आहे. ज्या दोखम्यात देह काही वेळात निसर्गात मिसळे तिथे आता सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, २००८ मध्ये ती राजपत्रात आली. पण माणसांचे औषध दुकानात होतेच. मोठी ३० मिलीची बाटली एका गाईला पुरून उरे. म्हणून २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही ३ मिलीच्या एका डोसापुरतेच विकायचे असे ठरले. कंपन्या कोर्टात गेल्या, २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. तोवर दुसरी औषधे तीच कामगिरी करू लागली होती. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर बंदी आली. ॲसिक्लोफेनॅक तर गाईच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होते. २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड गेले. एक दार लावावे तर दुसरे उघडे, असा वीस वर्षांचा प्रकार. सुदैवाने मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना चालते, हे २००६ सालीच प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. गाईचीही कळ त्याने थांबते.

हे सगळे मी आमच्या धाकट्या दिरांना, भाऊजींना, गोठ्यात उभी राहून सांगितले. त्यांच्याकडे आज नऊ जनावरे आहेत. त्यांनी शांतपणे धारेची बादली खाली ठेवली आणि म्हणाले, "वैनी, इथं रणहद्दू हायत कुठं? नसलेल्या पाखरासाठी मी औषध बदलू? दनद डॉक्टर येतो, जे त्याच्या पिशवीत आहे ते टोचतो. माझी गाय उठली पाहिजे."

त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी पटकन म्हणणार नाही. गाय उठली पाहिजे हे खरेच आहे. दहा लिटर दुधाची गाय चार दिवस आडवी पडली तर घरातला सगळा हिशेब आडवा होतो. पण 'नसलेले पाखरू' यावर मी अडले. गिधाड आपल्यासारखे एका गावचे नसते. अन्न शोधत एका दिवसात शेकडो किलोमीटर तरंगत जाते. इथे आज नाही म्हणजे उद्या येणार नाही असे नव्हे. आणि आले, आणि पहिल्याच दुपारी सुईचा बैल मिळाला, तर मग कायमचेच नाही.

म्हणूनच गिधाडांच्या रक्षणाचे काम करणारे लोक घरट्याभोवती नुसते कुंपण घालून थांबत नाहीत. घरट्यापासून १०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात, आणि त्या वर्तुळातली औषधाची दुकाने, जनावरांचे डॉक्टर, गोठे हे सगळे सुरक्षित करायचा प्रयत्न करतात. मी घरी नातीच्या कंपासपेटीतले कर्कटक घेऊन नकाशावर बेळगावात टोक रोवले आणि तसे वर्तुळ ओढून पाहिले. आत काय काय आले! धारवाड, चिकोडी, गडहिंग्लज, आजरा, सावंतवाडी, पणजी. तीन राज्ये, तीन वनखाती, तीन पशुसंवर्धन खाती. आपण सीमेवरची माणसे, एका पाटीवर कुठली भाषा वर यावी यावर सत्तर वर्षे भांडतो आहोत. मी त्या भांडणाला खोटे म्हणत नाही, त्यात माझ्या माहेरचीही माणसे आहेत. पण निपाणीच्या दुकानात न मिळणारे औषध कागलच्या दुकानात मिळाले, तर त्या वर्तुळाचा उपयोग काय? सुईला सीमा लागत नाही, आणि गिधाडालाही.

कर्नाटकात गिधाडांसाठी राखून ठेवलेली एक जागा आहे, रामनगरजवळचा रामदेवर बेट्ट. बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरचे हे खडक 'शोले' मध्ये सगळ्यांनी पाहिले आहेत. गब्बरच्या माणसांपेक्षा तिथल्या कड्यावर बसणारी लांब चोचीची गिधाडे जुनी. २०१२ साली सरकारने तिथे गिधाडांसाठी अभयारण्य जाहीर केले. मुलगा बेंगळुरूला असतो, त्याच्याबरोबर आम्ही दोघे तिथे गेलो. पायऱ्या चढून रामाच्या देवळाशी पोचलो, कड्याकडे तोंड करून दोन तास बसलो. दुर्बिणीतून दोन दिसली. एक बसलेले, एक उडणारे. पक्षी तिथे मोजकेच उरले आहेत, आणि अभयारण्याची हद्द कागदावर साडेतीनशे हेक्टरांच्या आत संपते. पक्षी जेवायला हद्दीबाहेरच जातो. मुलाने दुर्बीण पुढे केली आणि म्हणाला, "आई, मी तीसपर्यंत मोजायचो ना?" हे मात्र गप्प बसून होते.

तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक यांच्या सीमेवरच्या जंगलांत, बंदीपूर-मुदुमलै भागात, स्थिती बरी आहे. २०२३ च्या अखेरीस तिन्ही राज्यांनी एकाच वेळी मोजणी केली तेव्हा अंदाज ३२० चा आला. तीन राज्यांनी मिळून एक पक्षी मोजला, हे मला आकड्याइतकेच महत्त्वाचे वाटले. कोकणात रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात चिरगावला प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सीस्केप संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी सांभाळली. नाशिककडे हरसूल भागात आणि गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी खानावळी काढल्या आहेत. मेलेले जनावर आधी तपासायचे, सुईचे नाही याची खात्री करायची, मग मांडायचे. माणसांच्या हॉटेलात तरी इतकी तपासणी कुठे होते!

आणि हरियाणातल्या पिंजोरला प्रजनन केंद्र आहे. तिथे २००४ पासून गिधाडे पिंजऱ्यात वाढवतात. जोडीने घातलेले पहिले अंडे काढून यंत्रात उबवायचे, म्हणजे जोडी कधी कधी दुसरे घालते. वर्षाला एक, तिथे दोन, अशी ही बायकी काटकसर. तिथली गिधाडे २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचला आणली. ताडोबातली काही पुढे दगावली. पाळण्यातले बाळ अंगणात सोडल्यावर पडायचे, धडपडायचे. सोडणाऱ्यांनी हात आखडलेला नाही.

२०१५ च्या अंदाजाने आपल्या देशात लांब चोचीची सुमारे १२ हजार आणि पांढऱ्या पाठीची ६ हजार गिधाडे उरली होती. घसरण बऱ्याच ठिकाणी थांबली आहे असे जाणकार म्हणतात. वाढ अजून म्हणावी तशी नाही. मेलेल्या जनावरावर कुत्री-बिबट्यांसाठी विष घालणे, उंच झाडे तोडणे, विजेच्या तारा, ही बाकीची संकटे आहेतच.

भाऊजींचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या गाईची कास सुजली. डॉक्टर आले तेव्हा मी तिथे नव्हते. दिवाळीला गेले तर गोठ्याच्या दारावर, दुधाच्या हिशेबाच्या रेघांखाली, खडूने कानडीत एक शब्द लिहिलेला. अक्षर पुतणीचे, ती दहावीत आहे. मेलॉक्सिकॅम. शेजारी तिनेच मराठीत लिहिले होते, 'हेच द्या.' भाऊजींना विचारले तर म्हणाले, "डॉक्टर म्हणाला, ह्या पिशवीत नाही, उद्या आणतो. आणला. गाय तिसऱ्या दिवशी उठली." मग जरा थांबून म्हणाले, "एक दिवस उशीर झाला, पण उठली."